बटण दाबले, तरी काहीच होत नाही

घरातला जुना डेस्कटॉप काल रात्रीपर्यंत चालत होता. आज बटण दाबले, तर पंख्याचा आवाज नाही, दिवा नाही, पडद्यावर अक्षर नाही. अशा वेळी घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : ‘हा गेला का?’ आणि बहुतेक वेळा त्याचे उत्तर कोणीही पेटी उघडून पाहण्याआधीच ठरून जाते. इतकी वर्षे वापरला, आता नवा घेऊ, हा भंगारात देऊ. या प्रकरणात त्या प्रश्नाचे उत्तर घाईने न देता पायरीपायरीने शोधायचे आहे. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी लागत नाही. वीज कुठून कुठे जाते याचे साधे ज्ञान, एक स्क्रू-ड्रायव्हर, साधा डिजिटल मल्टिमीटर आणि क्रम न सोडण्याची शिस्त एवढे पुरते.

१. ‘बंद पडला’ हे निदान नाही

‘अंगात ताप आहे’ हे जसे आजाराचे नाव नसते, तसे ‘कॉम्प्युटर बंद पडला’ हे बिघाडाचे नाव नाही. ती फक्त तक्रार आहे. आपण ज्या पेटीला सरसकट ‘सीपीयू’ म्हणतो, तिच्यात खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, काडेपेटीएवढ्या जागेत मावतो. बाकीच्या पेटीत वीजपुरवठा करणारा एसएमपीएस, सगळ्यांना जोडणारा मदरबोर्ड, रॅमच्या पट्ट्या, हार्ड डिस्क, पंखे आणि वायरी असतात. हे सगळे भाग एकाच दिवशी निकामी होणे जवळजवळ अशक्य आहे. साखळीतली एक कडी तुटते आणि सगळी साखळी निरुपयोगी दिसू लागते.

कोणती कडी तुटण्याचा संभव जास्त, हेही तर्काने सांगता येते. प्रोसेसर आणि रॅममधल्या चिप यांत हलणारा भाग नसतो. नेमून दिलेल्या व्होल्टेजवर आणि उष्णतेच्या मर्यादेत त्या चालल्या, तर त्यांची उपयुक्तता संपते, पण त्या सहसा संपत नाहीत. झिजतात ते भाग वेगळे. पंख्याचे बेअरिंग फिरून झिजते. हार्ड डिस्कच्या तबकड्या फिरत असतात. कपॅसिटर नावाच्या डब्यांमध्ये द्राव असतो, तो वर्षानुवर्षे सुकत जातो. मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपतो. धातूचे जोड दमट हवेत काळे पडतात. आणि भिंतीतून येणाऱ्या विजेचे सगळे चढउतार, पावसाळ्यातले धक्के पहिल्यांदा सोसतो तो एसएमपीएस. म्हणजे जुना कॉम्प्युटर चालू होत नाही, तेव्हा पहिला संशय ज्यांच्यावर घ्यायचा ते बहुतेक भाग सुटे, सहज बदलता येण्याजोगे आणि तुलनेने स्वस्त असतात. या प्रकरणाचा सगळा युक्तिवाद या एका गोष्टीवर उभा आहे : जे आधी बिघडते ते स्वस्त असते, आणि जे मौल्यवान असते ते बहुधा शाबूत असते. म्हणून तपासल्याशिवाय फेकणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

२. भिंतीपासून पडद्यापर्यंत

आता वीज जाते कशी, ते पाहू. आपल्या घरातल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्टची वीज असते आणि ती सेकंदाला ५० वेळा पुढेमागे होते. कॉम्प्युटरच्या आतल्या भागांना मात्र एकाच दिशेने वाहणारी आणि फार कमी दाबाची वीज लागते : १२, ५ आणि ३.३ व्होल्ट. धरणातून मोठ्या दाबाने आलेले पाणी थेट घराच्या नळाला जोडत नाहीत. मध्ये टाकी असते, झडपा असतात. एसएमपीएसचे काम तेच. मोठा दाब घेऊन तो लहान, स्थिर दाबाच्या तीन वाटा करून देतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण बहुतेक गैरसमज तिच्याभोवती आहेत. समोरचे बटण हा दिव्याचा खटका नाही. अगदी जुन्या संगणकांत तसे होते. बटण दाबले की २३० व्होल्टची वाटच जोडली किंवा तोडली जाई. १९९५मध्ये इंटेलने एटीएक्स नावाची रचना आणली आणि हे बदलले. तेव्हापासून समोरचे बटण म्हणजे दारावरची बेल आहे. कॉम्प्युटर ‘बंद’ असतानाही, मागे वीज जोडलेली असेल तर एसएमपीएसचा एक छोटा भाग जागा असतो आणि मदरबोर्डला सतत ५ व्होल्ट देत राहतो. याला स्टँडबाय म्हणतात. वाड्याच्या देवडीवर रात्री एक पहारेकरी जागा असावा, तसा. बटण दाबले की बेल वाजते, स्टँडबायच्या विजेवर जागा असलेला मदरबोर्ड एसएमपीएसला ‘ऊठ’ असा इशारा देतो आणि मग मुख्य व्होल्टेज सुरू होतात. ती स्थिर झाली की एसएमपीएस मदरबोर्डला ‘सगळे ठीक’ असा उलट इशारा पाठवतो. गार्डने हिरवा झेंडा दाखवल्याशिवाय गाडी हलत नाही, तसा हा इशारा मिळेपर्यंत प्रोसेसर कामाला लागत नाही. त्यानंतर प्रोसेसर स्वतःची, रॅमची, डिस्प्लेची तपासणी करतो आणि पडद्यावर पहिले अक्षर उमटते.

म्हणजे आपल्यासमोर आठ कड्यांची साखळी आहे : सॉकेट, पॉवर कॉर्ड, स्टँडबाय, बटण, मुख्य व्होल्टेज, मदरबोर्ड, प्रोसेसर व रॅम, आणि डिस्प्ले. दिवाळीच्या जुन्या माळेत एक दिवा गेला की सगळी माळ विझायची. एकेक दिवा तपासत बसण्यापेक्षा मधोमध तपासले, तर अर्धी माळ एका फटक्यात निर्दोष ठरते. आठ कड्यांत असे केले तर आठाच्या चार, चाराच्या दोन, दोनाची एक, म्हणजे तीन तपासण्यांत दोषी कडी सापडते. निदानाचे सगळे मर्म मध्यावर योग्य प्रश्न विचारण्यात आहे.

३. लक्षण काय सांगते

मल्टिमीटर हाती घेण्याआधी डोळे आणि कान वापरावेत. चालू न होण्याचे चार प्रकार आहेत आणि प्रत्येक प्रकार साखळीच्या वेगळ्या भागाकडे बोट दाखवतो. पहिला : बटण दाबल्यावर काहीच होत नाही, पंखा जरासुद्धा हलत नाही. दोष सॉकेटपासून बटणापर्यंतच्या पहिल्या अर्ध्यात असण्याचा संभव मोठा. दुसरा : पंखा क्षणभर फिरतो आणि थांबतो. एसएमपीएस उठतो, पण पुढे कुठे तरी शॉर्ट आहे असे दिसल्यावर स्वतःला वाचवण्यासाठी लगेच बंद होतो, किंवा त्याच्यातच भार उचलण्याची ताकद उरलेली नाही. तिसरा : पंखे फिरतात, दिवा लागतो, पण डिस्प्ले येत नाही. इथे वीजपुरवठ्याचा बराच भाग काम करतो आहे, दोष शेवटच्या कड्यांत शोधावा. चौथा प्रकार जुन्या यंत्रांत हमखास दिसतो : चारपाच वेळा बटण दाबल्यावर किंवा वीज जोडून बराच वेळ थांबल्यावर चालू होतो. हे म्हाताऱ्या कपॅसिटरचे लक्षण आहे. असे यंत्र आज चालू झाले, तरी उद्याचा भरवसा धरू नये. चालू आहे तोवर त्यातली माहिती बाहेर काढून घ्यावी.

४. आधी जिवाची काळजी

‘वीज आहे, सामान्य माणसाने हात घालू नये’ असा आक्षेप इथे येतो. तो अर्धा बरोबर आहे आणि कोणता अर्धा, हे स्पष्ट सांगायला हवे. मदरबोर्डवर आणि वायरींवर जास्तीत जास्त १२ व्होल्ट असतात. कोरड्या हाताला त्यांचा धक्का बसत नाही. एसएमपीएसच्या पत्र्याच्या डब्यात मात्र २३० व्होल्टच्या विजेचे रूपांतर होताना सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तसेच राहू शकतात. म्हणून नियम एकच आणि त्याला अपवाद नाही : एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. तो बाहेरून तपासायचा, खराब निघाला तर अख्खा बदलायचा. बाकी पेटी उघडताना आधी प्लग काढावा, मग बटण पंधरावीस सेकंद दाबून धरावे म्हणजे साठलेली वीज ओसरते, आणि आतल्या भागांना हात लावण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करावा म्हणजे अंगातली स्थिर वीज चिपमध्ये जाणार नाही. ज्या घरात सॉकेटला अर्थिंग नाही, तिथे पहिली दुरुस्ती सॉकेटची.

जुन्या एसएमपीएसच्या मागे कधी कधी एक लाल सरकबटण दिसते, त्यावर ११५ आणि २३० असे आकडे असतात. ते काही देशांतल्या कमी दाबाच्या विजेसाठी आहे. ११५वर ठेवले की आतली रचना येणाऱ्या व्होल्टेजची दुप्पट करते. आपल्या २३० व्होल्टवर तसे झाले तर एसएमपीएस क्षणात फुटतो. हे बटण २३०वरच आहे ना, ते बघावे आणि मुलांच्या हाताला लागणार नाही याची काळजी घ्यावी.

५. तीन तपासण्या

पहिली तपासणी फुकट आहे. त्याच सॉकेटमध्ये टेबललॅम्प लावून पाहावा. स्पाइक गार्ड मध्ये असेल तर तो वगळून थेट भिंतीला जोडावे. मॉनिटरची पॉवर कॉर्ड बहुधा सीपीयूच्या कॉर्डसारखीच असते, ती अदलाबदल करून बघावी. एसएमपीएसच्या मागचा छोटा खटका चालू बाजूला आहे ना, ते पाहावे. मग प्लग काढून बटण पंधरावीस सेकंद दाबून धरावे आणि पुन्हा जोडावे. शॉर्ट किंवा विजेच्या धक्क्याने एसएमपीएसने स्वतःला कुलूप लावून घेतले असेल, तर ते कधी कधी एवढ्यानेच निघते.

दुसरी तपासणी साखळीच्या मध्यावरची, म्हणून सर्वांत मोलाची. मदरबोर्डला जाणाऱ्या रुंद कनेक्टरमध्ये २४ वायरी असतात, जुन्यांत २०. त्यातली जांभळी वायर स्टँडबायची. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून काळी पिन काळ्या वायरीच्या टोकाला आणि लाल पिन जांभळ्या वायरीच्या टोकाला लावावी. प्लग जोडलेला, कॉम्प्युटर बंद. आकडा ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या दरम्यान हवा. अनेक मदरबोर्डवर यासाठी एक बारीक हिरवा दिवाही असतो. तो लागलेला असेल तर मीटरशिवायच अर्धे उत्तर मिळते. समजा आकडा ५.०८ आला. याचा अर्थ भिंत, कॉर्ड आणि स्टँडबाय या तिन्ही कड्या सुटल्या. आता बेल तपासावी. समोरच्या बटणाची बारीक वायर मदरबोर्डवर ज्या दोन पिनांना लागते, ती काढून स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने त्या दोन पिना क्षणभर जोडाव्यात. पंखा फिरला, तर मशीन ठणठणीत आहे, बटण मोडले आहे. उपाय शून्य खर्चाचा : रीसेट बटणाची वायर त्या पिनांना लावावी. रीसेट बटणच आता चालू करण्याचे बटण होते. केवळ एका झिजलेल्या बटणासाठी अख्खा कॉम्प्युटर भंगारात जाऊ शकतो, हे या तपासणीतून कळते.

आता समजा जांभळ्या वायरीवर शून्य आले. लगेच एसएमपीएसला दोष देऊ नये. प्लग काढून रुंद कनेक्टर मदरबोर्डपासून सोडवावा, पुन्हा वीज देऊन मोजावे. अजूनही शून्य असेल तर एसएमपीएस गेला. कनेक्टर सोडवल्यावर ५ व्होल्ट परत आले, तर एसएमपीएस निर्दोष आहे आणि मदरबोर्डवरचा शॉर्ट त्याला दाबून धरत होता. एकाच जागी दोन मोजमापे, पण निकाल अगदी उलट. भाग बदलून बघण्यात आणि निदान करण्यात फरक आहे तो हाच.

तिसरी तपासणी मुख्य व्होल्टेजची. प्लग काढून एसएमपीएसच्या सगळ्या वायरी सगळ्या भागांपासून सोडवाव्यात. रुंद कनेक्टरमध्ये हिरवी वायर एकच असते, तीच ‘ऊठ’ इशाऱ्याची. ती आणि शेजारची काळी वायर पेपर क्लिपच्या वाकवलेल्या तारेने जोडून मग वीज द्यावी. एसएमपीएसचा पंखा फिरायला लागावा. मात्र पंखा फिरला म्हणजे उत्तीर्ण झाला असे नाही. निकामी असला तरी चालेल अशा एखाद्या जुन्या डिस्कचा किंवा पंख्याचा भार जोडून पिवळी, लाल आणि नारिंगी वायर मोजावी. ठरलेल्या आकड्यापेक्षा ५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो. पिवळीवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट. पिवळीवर १०.९ आले, तर पंखा कितीही जोमाने फिरो, तो एसएमपीएस बदलायचा. एक सावधगिरी मात्र हवी : काही ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये कंपनीने स्वतःची वेगळी वायरिंग वापरलेली असते. कनेक्टर २० किंवा २४ पिनांचा नसेल, किंवा रंग इथे सांगितल्याप्रमाणे नसतील, तर तारेचा हा प्रयोग करू नये.

६. कपॅसिटर का फुगतात?

मदरबोर्डवर प्रोसेसरच्या आसपास उभे असलेले छोटे डबे म्हणजे कपॅसिटर. नळाला पाणी कमीजास्त येत असले तरी घरातल्या पिंपातून धार सारखी मिळते, तसे विजेचे हेलकावे ते आपल्या पोटात घेतात. त्यांच्या माथ्यावर फुलीसारखी खाच असते. माथा सपाट असावा. तो फुगलेला असेल, वर तपकिरी खरपूड दिसत असेल, तर आतला द्राव बिघडून वायू झाला आहे. १९९९ ते २००७च्या सुमारास बनलेल्या अनेक मदरबोर्डमध्ये सदोष द्रावाचे कपॅसिटर लागले होते आणि त्या काळातली असंख्य यंत्रे जगभर याच कारणाने बंद पडली.

चांगला कपॅसिटरही अमर नसतो. त्याच्या अंगावर लिहिलेले असते, उदाहरणार्थ १०५ अंश सेल्सियस. आणि त्या तापमानाला त्याचे आयुष्य, समजा, २००० तास ठरलेले आहे. ढोबळ नियम असा की तापमान दर १० अंशांनी कमी झाले की आयुष्य दुप्पट होते. आता हिशेब करू. पेटीत धूळ साचली आहे, पंखा अडखळतो, म्हणून कपॅसिटर ८५ अंशांवर राहतो. म्हणजे २० अंश कमी, आयुष्य चौपट, ८००० तास. रोज ८ तास आणि वर्षाला ३०० दिवस वापर धरला, तर वर्षाचे २४०० तास होतात. कपॅसिटर सुमारे सव्वातीन वर्षांत थकेल. तीच पेटी साफ ठेवली, हवा खेळती राहिली आणि तापमान ६५ अंशांवर आले, तर आयुष्य सोळापट, ३२,००० तास, म्हणजे तेरा वर्षांहून जास्त. विदर्भातल्या उन्हाळ्यात किंवा कोकणातल्या दमट हवेत ब्रश आणि ब्लोअर घेऊन वर्षातून दोनदा पेटी साफ करणे म्हणजे काय मिळवणे, ते या हिशेबात दिसते. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर वेगाने फिरून पंखा स्वतःच वीज तयार करतो. फुगलेले कपॅसिटर बदलता येतात, पण ते डाख लावण्याचे कौशल्य असणाऱ्याचे काम आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत असे सुटे भाग मिळतात आणि असे काम करणारे हातही.

७. पंखा फिरतो, पण डिस्प्ले नाही

वीज पोचते आहे आणि तरीही पडदा काळा असेल, तर आधी मॉनिटर आणि त्याची केबल दुसऱ्या यंत्रावर तपासावी. वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले असेल, तर केबल त्याच कार्डाला लावलेली आहे ना, हेही पाहावे. मग पाळी रॅमची. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात मऊ खोडरबराने हलके घासावेत, भुगा झटकावा, खाच कोरड्या ब्रशने साफ करावी आणि दोन्ही बाजूंच्या कड्या ‘कट्ट’ आवाज करून बसेपर्यंत पट्टी दाबावी. हा उपाय इतका साधा आहे की लोकांना तो खोटा वाटतो. पण त्यामागचे कारण पक्के आहे. दातांवर साचलेला काळपट थर विजेला अडवतो, आणि शेकडो दातांपैकी एकाचा जोड तुटला तरी तपासणी तिथेच थांबते.

तेवढ्याने भागले नाही, तर यंत्राला कमीत कमी भागांवर आणावे : मदरबोर्ड, प्रोसेसर व त्याचा पंखा, एसएमपीएस आणि बोर्डावरचा छोटा स्पीकर. प्रोसेसरशेजारच्या चार पिनांच्या १२ व्होल्टच्या कनेक्टरकडे लक्ष द्यावे. तो सैल असला तर पंखे फिरतात पण प्रोसेसर उपाशी राहतो. आता रॅम न बसवताच चालू करावे. स्पीकरमधून तक्रारीचे बीप आले, तर ती आनंदाची खबर आहे. ‘रॅम नाही’ हे सांगायला प्रोसेसर आणि मदरबोर्ड जिवंत असावे लागतात. मग एकेक पट्टी, एकेक खाच बदलून पाहावे. स्पीकर जोडलेला असूनही पूर्ण शांतता असेल, तर दोष मदरबोर्ड किंवा प्रोसेसरमध्ये आहे, आणि आधीच्या युक्तिवादानुसार संशय मदरबोर्डवर जास्त.

मदरबोर्डवरच्या नाण्यासारख्या सेलचे नाव सीआर २०३२. आकडाच त्याचे माप सांगतो : २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. तो ३ व्होल्टचा असतो. तो संपल्यावर तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की सुरक्षित वेबसाइटसुद्धा उघडत नाहीत. काही बोर्ड तर सेल पार बसला की चालूच व्हायला नकार देतात. प्लग काढून ठेवून सेल काढला आणि पाच मिनिटांनी नवा बसवला, की जुन्या बिघडलेल्या सेटिंगही पुसल्या जातात. एका सेलमध्ये दोन तपासण्या होतात.

८. दुरुस्त होत नसेल, तर काय वाचवायचे?

मदरबोर्ड गेला असे ठरले, तरी यंत्र संपले असे नाही. सर्वांत आधी हार्ड डिस्क. फोटो, हिशेब, पत्रे, प्रबंध हे सगळे तिच्यात असते, आणि एसएमपीएस किंवा मदरबोर्ड गेल्याने ते सहसा पुसले जात नाही. नव्या पद्धतीच्या साटा डिस्कला बारीक चपटा कनेक्टर असतो, जुन्या आयडीई डिस्कला ४० पिनांची रुंद पट्टी. दोन्हींसाठी यूएसबी अ‍ॅडॅप्टर मिळतात. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टही लागतात आणि यूएसबी पोर्ट ते देत नाही, म्हणून स्वतःचा वीजपुरवठा असलेला अ‍ॅडॅप्टर घ्यावा. मग ती डिस्क पेन ड्राइव्हसारखी दुसऱ्या यंत्राला लावून फाइली उतरवून घ्याव्यात. डिस्क ‘टक् टक्’ असा ठोका देत असेल, तर पुन्हा पुन्हा चालू करू नये. प्रत्येक प्रयत्नात तबकडीवर ओरखडे वाढू शकतात. माहिती खरोखर महत्त्वाची असेल तर ती डेटा रिकव्हरी करणाऱ्या तज्ज्ञाकडे न्यावी.

त्यानंतर तपासून निर्दोष ठरलेला एसएमपीएस, पंखे, केबली, कीबोर्ड, माउस, मॉनिटर. रॅम दुसऱ्या यंत्रात चालते, पण पिढी जुळावी लागते. डीडीआर २ आणि डीडीआर ३ दोन्हींना २४० पिना असतात, तरी खाचेची जागा वेगळी असते. बसत नसेल तर जोर लावू नये. आणि तोच प्रोसेसर चालेल असा वापरलेला मदरबोर्ड मिळाला, तर दोन मृत यंत्रांतून एक जिवंत यंत्र उभे राहते.

९. पण एवढे करून फायदा काय?

तीन आक्षेप प्रामाणिकपणे तपासायला हवेत. पहिला विजेचा : जुना डेस्कटॉप वीज खातो. खरे आहे. समजा जुने यंत्र १०० वॅट घेते आणि नवे छोटे यंत्र २० वॅट. फरक ८० वॅटचा. रोज ४ तास वापरले तर वर्षाला सुमारे ११७ युनिट जास्त जातील. युनिटला १० रुपये धरले तर ११७० रुपये. एवढ्यासाठी कोणी हजारो रुपयांचे नवे यंत्र घेऊ नये. पण तेच यंत्र दिवसरात्र चालू ठेवायचे असेल, तर फरक वर्षाला ७०० युनिट, म्हणजे सात हजार रुपये होतो. तिथे जुन्याला निवृत्त करणेच योग्य. उत्तर वापराच्या तासांवर ठरते.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आणि विंडोज ११ अनेक जुन्या यंत्रांवर अधिकृतपणे बसत नाही. जुन्या, दुरुस्त्या न मिळणाऱ्या विंडोजवर बँकेचे व्यवहार करू नयेत, हे निःसंशय. पण यंत्र आणि त्यावरची प्रणाली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ६४-बिट प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम असेल, तर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली बसते आणि तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतात. जोडीला फिरत्या डिस्कऐवजी साटा एसएसडी बसवली, तर पत्रे लिहिणे, अभ्यास, मराठी टंकलेखन, व्हिडिओ पाहणे ही कामे सुखाने होतात.

तिसरा आक्षेप : एका यंत्राने असे काय बिघडते? २००४मध्ये संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या अभ्यासाने हिशेब मांडला, की एक डेस्कटॉप आणि १७ इंची जुन्या पद्धतीचा मॉनिटर बनवायला किमान २४० किलो खनिज इंधन, २२ किलो रसायने आणि दीड टन पाणी लागते. हा खर्च यंत्र आपल्या घरी येण्याआधीच झालेला असतो. यंत्र जितकी जास्त वर्षे चालेल, तितका तो खर्च सार्थकी लागतो. उलट बाजूला, २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांचेच रीतसर गोळा करून पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे. बाकीच्यातला बराचसा उघड्यावर जाळला, फोडला जातो. तांब्यासाठी वायरी जाळणाऱ्याच्या फुप्फुसात तो धूर जातो. जुन्या बोर्डांच्या डाखात शिसेही असते.

म्हणून निकाल असा. स्टँडबाय, बटण, एसएमपीएस, रॅम, सेल यांपैकी काही दोषी निघाले, तर दुरुस्त करावे. मदरबोर्डवर शॉर्ट निघाला आणि जुळणारा वापरलेला बोर्ड स्वस्तात मिळत नसेल, तर दुरुस्तीचा हट्ट सोडावा, उपयोगी भाग काढून घ्यावेत आणि उरलेले नोंदणीकृत ई-कचरा पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावे. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनी पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवरही टाकली आहे, तिचा लाभ घ्यावा. मात्र कोणताही निर्णय घेतला, तरी एक काम आधी करा : हार्ड डिस्क काढून घ्या, तिच्यातली माहिती उतरवून घ्या, आणि डिस्क द्यायचीच असेल तर ती पूर्णपणे पुसल्याशिवाय देऊ नका. नुसते क्विक फॉर्मॅट केल्याने फाइली खरोखर जात नाहीत.